जपानी गेम आणि ॲनिमे बाहेर पोचायला उशीर का व्हायचा, आणि मराठीचा नंबर कधी?

तुमचा प्रश्न मी असा वाचला. लहानपणी कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर मारिओ आणि कॉन्ट्रा खेळलात, मग टीव्हीवर हिंदीतून डोरेमॉन, कॉलेजात ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका आणि सिनेमे, आणि आता जपानी शिकताय, जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन 3 ही मधली पातळी पास झालात. तुम्हाला तीन गोष्टी कळत नाहीयेत. पूर्वी जपानी गेम बाहेर यायला वर्षानुवर्षं लागायची, आता तोच गेम जगभर एकाच दिवशी कसा येतो? हिंदी, तमिळ, तेलुगूत ॲनिमे येतंय तर मराठीत का नाही, आपण काय कमी आहोत का? आणि मराठीसाठी सह्यांची मोहीम काढली तर काही होईल का? जाता जाता या लाइनमध्ये काम कसं मिळतं हेही विचारलंय.

मी टोकियोत गेम लोकलायझेशनमध्ये, म्हणजे गेम दुसऱ्या भाषांत आणि देशांत नेण्याच्या कामात, बरीच वर्षं आहे, सुरुवात टेस्टर म्हणून केली, आता को-ऑर्डिनेटर आहे, म्हणजे एका बाजूला गेम बनवणारी टीम आणि दुसऱ्या बाजूला वेगवेगळ्या भाषांचे ट्रान्सलेटर, आणि मधलं वेळापत्रक आणि बजेट माझ्या गळ्यात. मध्येमध्ये ॲनिमेच्या सबटायटल्सचंही काम येतं. त्या अनुभवावरून सांगतो, हे तीन प्रश्न दिसायला वेगळे आहेत पण आत एकच प्रश्न आहे: बाहेरचा माणूस हिशोबात कधी धरला जातो? वस्तू बनायच्या आधी, की बनून झाल्यावर? बाकी सगळं, भाषांतर चांगलं की वाईट, उशीर, काटछाट, हे बहुतेक वेळा त्यातूनच येतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, यात कंपनीप्रमाणे फरक पडतो. स्वतःच्या परदेशी शाखा असलेली मोठी कंपनी आणि बारा जणांचा स्टुडिओ यांचं गणित सारखं नसतं, आणि ॲनिमेचे हक्क गेमच्या हक्कांपेक्षा जास्त गुंतागुंतीचे असतात. मी ज्यावर काम केलंय त्यांची नावं करारामुळे देता येत नाहीत, म्हणून उदाहरणं सगळी जगजाहीर घेतोय.

ड्रॅगन क्वेस्ट या जपानी गेमच्या मालिकेपासून सुरू करू, कारण एकाच मालिकेत सगळा प्रवास दिसतो. पहिला भाग जपानमध्ये मे 1986 ला आला. अमेरिकेत आला 1989 ला, तोही ‘ड्रॅगन वॉरियर’ नावाने, कारण जवळपास त्याच नावाचा टेबलावर खेळायचा एक गेम तिकडे आधीच बाजारात होता. तोपर्यंत जपानमध्ये तिसरा भाग येऊन वर्ष उलटून गेलं होतं. आणि मधल्या काळात नुसतं भाषांतर चालू नव्हतं, जपानी गेममध्ये पुढच्या वेळी तिथूनच खेळायचं तर लांबलचक पासवर्ड कागदावर उतरवून ठेवावा लागायचा, अमेरिकेसाठी कॅसेटमध्ये बॅटरी टाकून सेव्हची सोय केली, चित्रंही सुधारली. म्हणजे तयार झालेली, विकून झालेली वस्तू परत उघडून परत बांधली. आता अकरावा भाग बघा, जपानमध्ये जुलै 2017, बाहेर सप्टेंबर 2018. तेवढ्या वेळात इंग्रजी आवाज भरले, जे मूळ जपानी गेममध्ये नव्हतेच. आणि तिसऱ्या भागाचा नवा अवतार 14 नोव्हेंबर 2024 ला, जगभर, एकाच दिवशी. तीन वर्षं, मग तेरा महिने, मग एकही दिवस नाही.

तीन वर्षं का लागायची हे समजायला त्या काळची कॅसेट डोळ्यासमोर आणा. जागा फार थोडी. जपानीत चार अक्षरांत जे नाव किंवा मेनूतला शब्द बसतो त्याला इंग्रजीत आठ-दहा अक्षरं लागतात, आणि चौकट तर चारच अक्षरांची आखलेली. ती मोठी करायची तर कोडमध्ये शिरावं लागतं, कारण तेव्हा संवाद वेगळ्या फाइलमध्ये नसायचे, बऱ्याचदा प्रोग्रामच्या पोटातच असायचे. फायनल फँटसी 6 चं इंग्रजी भाषांतर टेड वुल्सी यांनी जेमतेम महिन्याभरात केलं आणि जागा नाही म्हणून मजकूर छाटत बसावं लागलं, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. तोच गेम अमेरिकेत ‘तीन’ नंबरने विकला गेला, कारण मधले भाग तिकडे आलेच नव्हते. पण मला विचाराल तर जागेपेक्षा मोठी अडचण वेगळी होती, आणि ती आजही लहान स्टुडिओत मी बघतो: गेम जपानमध्ये बाहेर पडला की तो बनवणारा प्रोग्रामर दुसऱ्या दिवशी पुढच्या गेमवर गेलेला असतो. नंतर कोणीतरी येऊन म्हणतं की अमेरिकेसाठी ही चौकट रुंद करून द्या, तर करणार कोण? त्याचा वेळ आता दुसऱ्या बजेटमध्ये गेलाय. भाषांतर करणारे लोक तेव्हाही मिळत होते, तो प्रोग्रामर मिळत नव्हता.

दुसरी बाजू, कोण ठरवतं. डेमन्स सोल्स हा गेम 2009 च्या फेब्रुवारीत जपानमध्ये सोनीने काढला. पाश्चात्य देशांत मात्र सोनीने तो घेतलाच नाही. गंमत अशी की आशियाई बाजारासाठी काढलेल्या डिस्कमध्ये इंग्रजी होतं, त्यामुळे अमेरिकेतले लोक ती डिस्क मागवून खेळायला लागले, तोंडी प्रसिद्धी झाली, आणि मग ऑक्टोबरमध्ये ॲटलस या दुसऱ्याच कंपनीने तो उत्तर अमेरिकेत काढला. म्हणजे भाषांतर तयार, खेळणारे तयार, फक्त ‘आमचे पैसे आम्ही यात घालतो’ म्हणणारी कंपनी नव्हती. त्याच फ्रॉमसॉफ्टवेअर स्टुडिओचा एल्डन रिंग 25 फेब्रुवारी 2022 ला जगभर एकत्र आला, मार्चच्या मध्यापर्यंत 1 कोटी 20 लाख प्रती गेल्या, त्यात जपानमधल्या 10 लाखांच्या थोड्या वर. असे आकडे आले की कुठलीही कंपनी बाहेरच्या माणसाला ‘उरलेला ग्राहक’ म्हणू शकत नाही, बारापैकी अकरा प्रती जर बाहेर जात असतील तर गेम मुळात त्यांच्यासाठीही बनतोय.

याकुझा या जपानी गुंडांच्या जगावरच्या गेम-मालिकेने हेच फार वेदनेतून शिकलं. पहिला भाग 2006 मध्ये इंग्रजी डबसकट बाहेर काढला, तो काही फार चालला नाही, मग हात आखडला. तिसऱ्या भागातून बाहेरच्या आवृत्तीसाठी माहजाँग हा सोंगट्यांचा खेळ, होस्टेस क्लब अशा गोष्टीच काढून टाकल्या, आणि चाहते चिडले कारण टोकियोच्या त्या गल्लीबोळातलं आयुष्य हाच तर त्या गेमचा प्राण. पाचवा भाग जपानमध्ये डिसेंबर 2012, बाहेर डिसेंबर 2015, तोही फक्त डाउनलोड. ‘याकुझा झिरो’ने 2017 मध्ये बाहेर हवा केली तेव्हा गणित पालटलं, आणि 26 जानेवारी 2024 ला ‘इन्फिनिट वेल्थ’ जगभर एकदम आला, गोष्टीचा मोठा भाग होनोलुलुत घडणारा. मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते: जास्त जपानी राहूनच तो बाहेर चालला. काटछाट करून जेव्हा विकायला गेले तेव्हा नाही चालला. परदेशी माणसाला सोपं करून द्यावं लागतं हा समज बैठकांमध्ये अजून ऐकू येतो, आणि दर वेळी मी याच मालिकेचं उदाहरण देतो.

आता एकाच दिवशी आणायचं म्हणजे रोजच्या कामात काय होतं ते सांगतो, कारण तुम्हाला यायचंय या लाइनमध्ये. पोकेमॉन एक्स आणि वाय 12 ऑक्टोबर 2013 ला त्या मालिकेत पहिल्यांदा जगभर एकत्र आले, आणि कुठेही विकत घेतलं तरी सुरुवातीलाच सात भाषांतली एक निवडता यायची. (पहिला पोकेमॉन जपानमध्ये फेब्रुवारी 1996 आणि अमेरिकेत सप्टेंबर 1998, ते आठवा.) सात भाषा एकाच कॅसेटमध्ये म्हणजे कॅसेट छापायला जायच्या आधी सातही भाषा पूर्ण. म्हणजेच ट्रान्सलेटर अशा गोष्टीचं भाषांतर करतो जी अजून लिहून संपलेली नाही. आमच्याकडे एक शीट असते, प्रत्येक ओळीला एक नंबर, जपानी वाक्य, कोण कोणाला बोलतंय, किती अक्षरांत बसवायचं, कधी कधी यातलं अर्धंच भरलेलं असतं. लेखकाने शुक्रवारी संध्याकाळी एक ओळ बदलली की सोमवारी ती सगळ्या भाषांत बदलावी लागते, आणि त्या ओळीचा आवाज रेकॉर्ड झाला असेल तर ॲक्टरला परत स्टुडिओत बोलवा, परत पैसे, परत तारीख. म्हणून एक दिवस ठरवतात, त्यानंतर मजकुराला हात लावायचा नाही. तो दिवस पाळून घेणं हे माझं निम्मं काम आहे. आणि याची किंमत जपानी खेळाडूही देतो, कारण जपानी आवृत्ती आधीच तयार झालेली असली तरी बाकीच्या भाषा होईपर्यंत तोही थांबतो. कंपनीने हे सगळं स्वीकारलं याचा अर्थ एवढाच की पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये त्या भाषांची ओळ आहे.

ॲनिमेकडे वळू, तिथे हीच गोष्ट जास्त जुनी आहे. तेझुका ओसामूंची ॲटम ही छोट्या रोबोटची मालिका 1 जानेवारी 1963 ला फ्युजी टीव्हीवर सुरू झाली. टीव्ही कंपनी द्यायची त्यात भाग बनवायचा खर्च निघत नव्हता, तो खड्डा भरायला खेळणी-चॉकलेटवरच्या चित्रांचे पैसे आणि अमेरिकेच्या एनबीसीला केलेली विक्री कामाला आली. 193 भागांपैकी 104 इंग्रजीत झाले. ही झाली बनल्यानंतरची विक्री. पण त्यांचीच 1965 मधली मालिका ‘जंगल सम्राट’, पांढऱ्या सिंहाची गोष्ट, ती रंगीत बनली, कारण अमेरिकेला विकायची हे आधीच ठरलेलं होतं, आणि प्रत्येक भागात गोष्ट संपली पाहिजे असाही आग्रह तिकडून होता म्हणजे कुठलाही भाग कधीही दाखवता येईल. बाहेरचा माणूस हिशोबात आधी आला की वस्तूचा आकारच बदलतो, कधी फायद्याचा कधी तोट्याचा.

त्यानंतर बराच काळ मात्र ॲनिमे बाहेर गेलं ते तयार माल स्वस्तात, गठ्ठ्याने विकावा तसं. 1978 मध्ये फ्रान्समध्ये एक रोबोट मालिका ‘गोल्डोराक’ नावाने लागली आणि तिथली एक अख्खी पिढी वेडी झाली. फिलिपिन्समध्ये ‘व्होल्टेस फाइव्ह’ इतकी गाजली की 1979 मध्ये मार्कोस सरकारने शेवटचे भाग बाकी असतानाच ती बंद केली. आणि आपल्याकडे, दूरदर्शनवरचा ‘जंगल बुक’ आठवतोय ना, ज्यात शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता? तो 1989 चा जपानी ॲनिमे. आपल्या पिढीतल्या कित्येकांनी ॲनिमे हा शब्द ऐकायच्या आधीच ॲनिमे बघितलाय. या सगळ्यात जपानी स्टुडिओला बाहेरच्या प्रेमाचा फार थोडा वाटा मिळाला, आणि तिकडे काय दाखवलं, काय कापलं, यावर त्यांचा ताबा नव्हता.

इथे प्रोडक्शन कमिटी ही गोष्ट समजून घ्या, नाहीतर ॲनिमेतला उशीर कळणार नाही. एका मालिकेत मूळ मांगाचा (जपानी कॉमिकचा) प्रकाशक, टीव्ही चॅनल, म्युझिक कंपनी, खेळणी बनवणारी कंपनी, कधी जाहिरात एजन्सी, असे बरेच जण पैसे घालतात आणि प्रत्येकाकडे एकेक हक्क जातो. परदेशचे हक्क त्यातल्या एकाकडे. तो जागा झाला तर बाहेर विक्री, नाहीतर पडून. 2000 नंतरची बरीच वर्षं जपानमध्ये भाग लागला की दोन-तीन दिवसांत इंटरनेटवर चाहत्यांनी केलेली सबटायटल्स, आणि अधिकृत डीव्हीडी वर्षभराने, असं चाललं होतं. मोफतपेक्षा त्या वेगालाच कंपन्या हरत होत्या. जानेवारी 2009 मध्ये क्रंचीरोल या ॲनिमे दाखवणाऱ्या साइटने नारुतो शिप्पुडेन या मालिकेचे भाग जपानमध्ये लागल्यावर तासाभरात अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली, आणि क्रंचीरोल ही साइट मुळात चाहत्यांनी टाकलेल्या व्हिडिओंवरच वाढलेली होती हे लक्षात घ्या. टीव्ही तोक्योसारख्या चॅनलने तिच्याशी करार केला ही तेव्हा मोठी उडी होती.

तासाभरात सबटायटल्स म्हणजे ती आधीच झालेली असतात. ट्रान्सलेटरला भाग प्रसारणाआधी मिळतो, कधी आठवडाभर, कधी दोनच दिवस, आणि बऱ्याचदा अर्धवट: रंग भरलेले नाहीत, काही ठिकाणी नुसत्या पेन्सिलच्या रेघा, आणि सगळ्या पडद्यावर आडवं तुमचं नाव किंवा नंबर, म्हणजे बाहेर फुटलं तर कोणाकडून फुटलं ते कळावं. पात्र हसतंय की रडतंय हे रेघांवरून ओळखून ओळ लिहायची. अवघड आहे, पण मला हे काम आवडतं, कारण नागपूरचा पोरगा आणि नागोयाचा पोरगा एकाच दिवशी तोच भाग बघून तेच बोलत असतात.

आणि पैशाची दिशाही बदलली. जपानच्या ॲनिमे संघटनेच्या अहवालात 2023 साठी परदेशातली बाजारपेठ 1.72 लाख कोटी येन आहे आणि देशातली 1.62 लाख कोटी. आता स्ट्रीमिंगवाले मालिका बनायच्या आधीच किमान रकमेची हमी देतात, धंद्यात तिला एमजी म्हणतात, आणि ती हमी धरूनच कमिटीचं बजेट जुळतं. परदेशचे हक्क आता कपाटात पडून राहत नाहीत.

इथपर्यंतचं एका ओळीत: भाषा आली की पैसे येतील असं कोणी बघत नाही, पैसे आधी दिसले की भाषा येते. आता मराठी.

संख्येचं म्हणाल तर आपण अजिबात कमी नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले 8.30 कोटी, तेलुगू 8.11 कोटी, तमिळ 6.90 कोटी. तरी सप्टेंबर 2025 मध्ये ‘डेमन स्लेअर’चा इन्फिनिटी कॅसल हा ॲनिमे सिनेमा भारतात थिएटरला लागला तेव्हा जपानी, इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगू होतं, मराठी नव्हतं. कारण तमिळनाडूत किंवा आंध्र-तेलंगणात हिंदी डब लावून थिएटर भरत नाही, तिथे वेगळा डब केला नाही तर ते प्रेक्षक जातातच, आणि तिकडे बाहेरचे सिनेमे आपल्या भाषेत डब होऊन लागायची जुनी सवय आहे, वितरकही वेगळे आहेत. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात हिंदी डब लावला तरी थिएटर भरतं. त्यामुळे मराठी प्रेक्षक त्यांच्या हिशोबात आहे, पण हिंदीच्या खात्यात. मराठी डबवर जो खर्च करायचा त्यातून नवीन प्रेक्षक किती येणार, या रकान्यात त्यांना जवळजवळ शून्य दिसतं. हे मला स्वतःला खुपतं, मी चिडूनही बोललोय यावर, पण त्या टेबलावर बसलेल्या माणसाला मराठीबद्दल आकस आहे असं मला कधी दिसलं नाही, त्याच्या शीटमध्ये मराठीची ओळच नसते.

मग ओळ कशी येईल? थिएटरच्या डबपेक्षा मला सबटायटल्स आणि लहान मुलांचा टीव्ही ही जास्त जवळची वाट वाटते. सबटायटल्सचा खर्च डबच्या मानाने फार कमी. आणि लहान मुलाला हिंदी येत नसतं किंवा अर्धवट येतं, तिथे ‘हिंदीत बघतीलच’ हा युक्तिवाद टिकत नाही. शिवाय किंमत: क्रंचीरोलने 2022 मध्ये भारतातले दर महिन्याला 79 रुपयांपर्यंत खाली आणले, म्हणजे भारताचा वेगळा विचार सुरू झालाय. तिथे पैसे भरून बघणारे, ॲपमध्ये भाषा निवडणारे, हे त्यांना आकड्यात दिसतं. बेकायदा साइटवर बघितलेलं कितीही असलं तरी त्या आकड्यात येत नाही.

गेमची गोष्ट अजून मागे आहे, आणि इथे एक तांत्रिक भाग आहे जो कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबतो. जपानी स्टुडिओंची बरीच इंजिनं, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बनतो ती, विशेषतः घरी बनवलेली, एक अक्षर म्हणजे एक चौकोन असं धरून चालतात. जपानीला ते छान चालतं. देवनागरी त्यात टाकली की काय होतं बघा. ‘कि’ लिहिलं तर वेलांटी क च्या नंतर जाऊन बसते. ‘प्रश्न’ मधला प्र सुटून हलंतासकट प् र असा दिसतो. ‘र्की’ सारखं काही आलं की रफार आणि वेलांटीची डोकी चौकोनाच्या वरच्या कडेला कापली जातात, ‘ट्ठू’ खालून कापलं जातं. आणि संवाद एकेक अक्षर टाइप होत येतात ना, तिथे तर ‘क्ष’ आधी क, मग क्, मग एकदम क्ष असा उमटतो, वाचताना शब्द थरथरतो. अनरियल इंजिनमध्ये हार्फबझ नावाची लायब्ररी हे जोडकाम करते. युनिटी या दुसऱ्या इंजिनात मजकूर दाखवायला बहुतेक लोक वापरतात ती टेक्स्टमेशप्रो स्वतःहून करत नाही, वेगळी सोय करावी लागते. आणि मराठीचं खास म्हणजे ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ मधला तो ऱ्य, कित्येक फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून तपासलेले असतात आणि तिथे नेमका रफार दाखवून मोकळे होतात. टेस्टिंगला बसलं की मी पहिली ओळ ‘दुसऱ्या वाड्यातली बाळं’ अशी काहीतरी टाकतो, पाच सेकंदात फॉन्टची लायकी कळते.

व्याकरणाचंही आहेच. ‘तुम्हाला अमुक मिळाला’ ही ओळ गेममध्ये एकदाच लिहितात आणि अमुकच्या जागी तलवार, भाला, औषध काहीही येतं, म्हणजे मिळाली, मिळाला, मिळालं तिन्ही हवं. फ्रेंच-जर्मनमुळे लिंगाची सोय बऱ्याच इंजिनांत असते. पण घोडा आणि घोड्याने, हे सामान्यरूप कोणाच्या सोयीत नसतं.

यातून माझं एक मत बनलंय आणि ते सगळ्यांना आवडेल असं नाही: जपानी गेममध्ये हिंदी आली तर मराठीवाल्यांनी त्याचं वाईट वाटून घेऊ नये. देवनागरी पहिल्यांदा बसवण्याचा खर्च, फॉन्ट, जोडाक्षरं, ओळींची उंची, हा सगळा पहिली भाषा भरते. दुसऱ्या देवनागरी भाषेला फक्त भाषांतर, तपासणी आणि ते ऱ्य-ळ चं काम उरतं. मराठीची पहिली मोठी अडचण तिथे निम्म्याने कमी होते. अर्थात निन्टेन्डोसारख्या कंपनीने स्विच हे आपलं गेम खेळायचं यंत्र भारतात अधिकृतपणे आणलंच नाही, तिथे हिंदीचाही प्रश्न येत नाही, मराठी तर लांबच.

सह्यांच्या मोहिमेबद्दल. कधी उपयोग होतो हे नीट सांगता येतं. शिन्काई माकोतोंचा ‘वेदरिंग विथ यू’ हा ॲनिमे सिनेमा ऑक्टोबर 2019 मध्ये भारतात थिएटरला लागला त्यामागे भारतीय चाहत्यांची मोहीम होती, पन्नास हजारांच्या आसपास सह्या झाल्या होत्या. तिथे मागणी लहान आणि नेमकी होती: सिनेमा तयार आहे, इंग्रजी सबटायटल्स तयार आहेत, फक्त इथल्या पडद्यावर लावा. वितरकाला पन्नास हजार सह्या म्हणजे तिकिटांचा अंदाज मिळाला. आता उलट उदाहरण, ‘मदर 3’ हा 2006 चा गेम. चाहत्यांनी वर्षानुवर्षं मागणी केली, 2008 मध्ये अख्खं इंग्रजी भाषांतर स्वतः करून फुकट टाकलं, आणि तरी तो अधिकृत इंग्रजीत आजतागायत आला नाही. कारण तिथे जुनी वस्तू परत उघडायची होती, आणि त्यासाठी लागणारे लोक केव्हाच पुढे गेलेले होते. म्हणून ‘सगळं ॲनिमे मराठीत करा’ अशी मोहीम काढू नका, तिचं कोणी काही करू शकत नाही. एक येणारा सिनेमा धरा, रिलीज व्हायच्या बरंच आधी, भारतातल्या वितरकाकडे, आणि मागणी अशी की पुणे-मुंबई-नागपूरच्या ठरावीक थिएटरांत मराठी सबटायटल्सचा एक खेळ लावा. एवढ्याला हो म्हणणं कोणाला तरी शक्य आहे, आणि तो खेळ भरला तर पुढच्या वेळी शीटमध्ये मराठीची ओळ असेल.

राहिलं तुमचं काम. एन 3 ही सुरुवात चांगली आहे पण ट्रान्सलेशनसाठी पुरत नाही, एन 1 या सगळ्यात वरच्या पातळीच्या जवळ जायलाच लागेल, आणि जपानीतून इंग्रजीत मोठ्या गेमचं भाषांतर करायला इंग्रजी मातृभाषा असलेल्या लोकांशी स्पर्धा आहे, हे स्पष्ट सांगतो. त्यामानाने टेस्टिंग, म्हणजे गेममधल्या भाषेच्या चुका शोधायचं काम (धंद्यात एलक्यूए), आणि को-ऑर्डिनेशन या दोन दारांतून आपले लोक आत येऊ शकतात. तिथे तिन्ही गोष्टी लागतात: जपानी टीमशी जपानीत बोलता येणं, इंग्रजीत बिनचूक बग रिपोर्ट लिहिणं, आणि शीटमध्ये हजारो ओळी न कंटाळता बघणं. पुण्यात जपानी शिकलेले लोक पूर्वी बहुतेक आयटीत आणि ऑटोमोबाइलमध्ये जायचे, आता काही जण इकडे वळताना दिसतात.

लायसन्स नसलेल्या मालिकांची चाहत्यांसाठी केलेली सबटायटल्स अर्जात दाखवू नका, काही कंपन्या तिथेच थांबतात. त्याऐवजी जपानी इंडी डेव्हलपर, म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतः छोटे गेम बनवणारे, गाठा. क्योटोत दरवर्षी बिटसमिट हे अशा गेम्सचं प्रदर्शन भरतं, तिथे मांडलेल्या गेम्सची यादी नेटवर असते, त्यात मजकूर कमी असलेले छोटे गेम निवडा, बनवणाऱ्याला साध्या जपानीत मेल करा, की तुमच्या गेमचा पहिला प्रसंग मी इंग्रजीत आणि मराठीत करून देतो, आवडलं तर वापरा. इथे भाषांतराचे पैसे जपानी अक्षरांवर मोजतात, त्यामुळे किती अक्षरं झाली ते मेलमध्ये लिहा, त्यांना लगेच अंदाज येतो. आणि गेम युनिटीत बनवला असेल तर मराठीच्या फाइलबरोबर ऱ्य नीट दाखवणारा, मोफत वापरता येणारा फॉन्ट आणि तो कसा बसवायचा याच्या चार ओळीही जोडून पाठवा.